मायचा वाटा झाडावर

ओढ्याच्या अलीकडे चारोळीची दोनशे झाडं, पलीकडेही दोनशेच. माती तीच, पाऊसही तोच. मग अलीकडे तीनशे नवी रोपं आणि पलीकडे एकही का नाही? कोसमटोल्याच्या ग्रामसभेचा मोजणी करणारा यंत्रमानव म्हणजे गणू. त्याने सकाळीच सुकारोला हे कोडं घातलं होतं.

पण सुकारोचं चित्त ठिकाणावर होतं कुठे! तिची माय चंद्रावरच्या तळावर भाज्या पिकवायला गेली, त्याला दीड वर्ष झालं होतं. परवा तिकडे यान निघणार होतं, आणि मायला चाराची फळं, म्हणजे चारोळीचीच, जिवापाड आवडत. पंडुम (नवं फळ खाण्याआधीचा सण) मात्र पाच दिवसांनी होता. तोवर फळाला हात लावायचा नाही, असं गावानेच ठरवलेलं.

सुकारोने फांदी वाकवलीच.

"कायले तोडतेस वो पोरी?" मागून आजा म्हणाला.

"मायसाठी. मूठभरच तं पाहिजे! कोनाले समजते?"

आजा रागावला नाही. त्याने तिच्या हातातलं फळ गणूला दिलं. गणूने आतली बी फोडून दाखवली.

"गर्भ (बीमधलं इवलंसं रोप) अजून कच्चा आहे. ही बी रुजणार नाही."

"पलीकडं असंच झालं," आजा म्हणाला. "एकानं दोन दिवस आधी तोडलं. दुसऱ्याले वाटलं, आपल्याले उरनार नाई. त्यानं चार दिवस आधी तोडलं. तिसऱ्यानं तं फांदीच मोडली."

"म्हनून तिकडं रोप नाई!" सुकारो ओरडली.

"बरोबर," गणू म्हणाला. "जंगल सामाईक (सगळ्यांचं मिळून) आहे. सगळ्यांनी ठरलेल्या एकाच दिवशी तोडलं की तोवर फळ पिकतं आणि कोणी घाई करत नाही. काही फळं झाडावर सोडली की नवी रोपं येतात."

कोडं सुटलं, पण सुकारोला रडूच फुटलं. "मंग मायले काईच नाई भेटनार?"

"भेटंल ना," आजा म्हणाला. "इथं मानशी वाटा असते. गावाबाहेर गेलेल्याचंबी नाव यादीत हाय."

पंडुमच्या दिवशी मायच्या नावाचा पानाचा रिकामा द्रोण मांडला, तेव्हा सुकारो सभेत उभी राहिली. "यान तं गेलं. मायचा वाटा तोडू नका. झाडावरच राहू द्या, त्याची रोपं होतील."

संध्याकाळी तिने मायला ते सांगितलं. तीन सेकंदांनी चंद्रावरून उत्तर आलं.

"त्यातलं एखादं रोप तुझ्या गुडघ्याले लागलं का, मी येतेच," माय म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ओढ्यावर जाताना सुकारो खाली बघून चालू लागली.