पोचूची चटई

गुणवंतराव विलायतेहून परतल्यापासून घरातल्या माणसांना एकच शिक्षा होती, ऐकत बसण्याची. सरकारनं मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, काढून घेतली होती, पण ऐट काही काढून घेता आली नव्हती. लंडनला मित्राला भेटायचं म्हणून निघालेला हा गृहस्थ फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, नीस नावाच्या गावी, सारा पावसाळा आणि वर दिवाळी उन्हात लोळत राहिला. इकडे सावली गावाजवळच्या त्यांच्या खेड्यात रोवणी झाली, धान कापून खळ्यावर आलं, आणि ते सगळं त्यांच्या बायकोनं, वच्छलाबाईनं, पदर खोचून निभावलं.

नवरा परत आला तो काळा चष्मा, गवती टोपी आणि 'तिकडे' हा एक शब्द घेऊन. तिकडचं ऊन मऊ. तिकडचं पाणी निळं. तिकडच्या मासळीला वास येत नाही. वच्छलाबाई ऐकायची आणि मनात म्हणायची, दुरून डोंगर साजरे. तिथंच का नाही राहिलास मेल्या? तिला नवऱ्याचा राग येत नव्हता. राग येण्याइतकं त्या माणसात काही उरलंच नव्हतं, तिला त्याची किळस येई.

त्या चैत्रातल्या अवसेला दुपारी ती ताकाचा गडवा घेऊन तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गेली. घर पाळीला लागूनच होतं. मालक रोज तिथं उघड्या अंगानं 'सूर्यस्नान' करत, आणि तहान लागली की घरच्या दिशेनं टाळी वाजवत.

पाळीच्या टोकाला, बाभळीच्या विरळ सावलीत गिरजा बसली होती. गिरजा मासे धरणाऱ्या ढिवराची म्हातारी. तिचा एकुलता एक मुलगा पोचू आश्विनात जाळं काढायला तलावात उतरला, तो वर आलाच नाही. गावानं तीन दिवस पाणी ढवळलं, प्रेत काही सापडलं नाही. हा पोचू आठवड्याला मागच्या दारी मरळ मासा घेऊन यायचा, अंगणात उकिडवा बसून जेवायचा, आणि माशाकडे बघत हसून म्हणायचा, "बाई, डोकं मले ठेवजा." मालक नीसला होते त्या महिन्यांत वच्छलाबाईशी दोन शब्द धड बोलणारा माणूस तो एवढाच.

"बाई," गिरजा दबल्या आवाजात म्हणाली, "भाऊले उठवा. तिथी निजून राह्यले थे."

"निजू दे. त्यांना दुसरं काय येते?"

"चटई माह्या पोचूची हाय, बाई…"

वच्छलाबाईनं वळून पाहिलं. पाण्याच्या काठाला शिंदीची नवी चटई अंथरलेली होती, उशाशी टोळीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या, तेलाची वाटी. आणि चटईवर, आयत्या बिळावर नागोबा व्हावं तसे, गुणवंतराव पाय दक्षिणेकडे करून पसरले होते. अंग तेलानं चमकत होतं.

पाण्यात गेलेल्या माणसाचं प्रेत मिळालं नाही, की ढिवर अवसेच्या दुपारी अशी चटई टाकतात हे तिनं ऐकलं होतं. बुडालेला येतो, उन्हात अंग वाळवतो, आणि सुटतो. मात्र तोवर त्या चटईवर जित्या माणसानं अंग टाकायचं नसतं.

"टाकलं तं?" तिनं विचारलं.

"तं निजला थो पान्यात जाते… आन पान्यातला त्याचं रूप घेऊन घरी येते." गिरजानं सूर्याकडे पाहिलं. "दिवस बुडाच्या आंधी घरच्या मान्सानं नाव घेऊन हाक मारली, तं फिरते. माह्या हाकेनं नाई फिरत, बाई. मी तं पोचूची माय."

वच्छलाबाई नवऱ्याजवळ जाऊन उभी राहिली. टोळीच्या तेलाचा कडसर वास आणि खाली तलावातल्या गाळाचा वास एकात एक मिसळला होता. वारा नव्हता. बगळेसुद्धा कुठं दिसत नव्हते.

"अजी, उठा. चटई मेलेल्या माणसासाठी टाकली आहे."

"अखेर या गावाला अक्कल आली," ते डोळ्यांवरचा चष्माही न काढता म्हणाले. "तिकडे हॉटेलवाले अशीच चटई टाकून ठेवतात. तेलसुद्धा! वास मात्र घाणेरडा."

"ऐका माझं. घरी चला."

"तिकडच्या बायका नवऱ्याला नावानं हाक मारतात, ठाऊक आहे? तू मार. 'गुणवंत' म्हण एकदा, लगेच उठतो." ते हसले. "नाही ना जमत? जंगली ती जंगलीच. ठेव ताक, आणि जा."

तिनं गडवा ठेवला आणि ती निघाली. मागून त्यांचं हसणं जरा वेळ ऐकू येत होतं. मग ते मध्येच थांबलं… हसता हसता ठसका लागावा तसं.

तिनं मागं वळून पाहिलं नाही.

घरी येऊन, ऊन कलल्यावर तिनं चुलीवर मरळीचं कालवण ठेवलं. मालक खात नसत, म्हणून ती एकटीपुरतंच करायची. मागचं दार करकरलं. गुणवंतराव आत आले. नखशिखांत ओले, चष्मा नाही, टोपी नाही. चेहरा तोच, मिशा त्याच. पाय धुण्यासाठी ते दाराशी थांबले, जे त्यांनी उभ्या जन्मात केलं नव्हतं. मग अंगणात उकिडवे बसले.

"तलावात पडलात का?" तिनं विचारलं.

त्यांच्या तोंडातून 'तिकडे' हा शब्दसुद्धा आला नाही. ते नुसते चुलीकडे बघत होते, आणि त्यांच्या केसांतून पाणी थेंब थेंब गळत होतं. एवढ्या उकाड्यातही ते वाळत नव्हतं.

वच्छलाबाई धावत पुढच्या ओसरीवर आली. तिथून पाळ स्वच्छ दिसायची. चटईवर माणूस होता. गवती टोपी, काळा चष्मा, पाय दक्षिणेकडे. तो हळूहळू, अगदी सावकाश, चटईसकट नाही, नुसता एकटाच, पाण्याकडे घसरत होता.

ऊन अजून पळसाच्या शेंड्यावर होतं. वेळ होता.

"अजी!" ती ओरडली. "अजी…!"

"ओ…" मागच्या अंगणातून शांतपणे उत्तर आलं.

आता नावच घ्यायला हवं होतं. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर कधीच नाही. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. पण इथं नाव घेतल्यानंच आयुष्य वाचणार होतं, हे तिला पुरतं कळत होतं. नाव जिभेवर आलंसुद्धा. मग तिला ते हसणं आठवलं. जंगली ती जंगलीच.

"बाई," मागच्या अंगणातून आवाज आला, गुणवंतरावांच्याच गळ्यातून, पण हळू, अदबीनं. "डोकं मले ठेवजा."

पळसाच्या शेंड्यावरचं ऊन उतरलं.

वच्छलाबाई आत गेली आणि तिनं पान वाढलं.

तिन्हीसांजेला गिरजा मागच्या दारी आली. तिच्या काखेत गुंडाळलेली चटई होती. तिनं अंगणातल्या ओल्या पावलांकडे पाहिलं. पावलं फक्त आत आलेली होती.

"बाई… माहा पोरगा इथी आला का?"

"नाही," वच्छलाबाई म्हणाली. "इथं कोणी नाही आलं."

गिरजानं काठावर सापडलेला काळा चष्मा उंबऱ्यावर ठेवला आणि निघून गेली. चष्मा ओला होता, पण हातात घेतला तर ऊबदार लागला, कुणीतरी आत्ताच डोळ्यांवरून उतरवून द्यावा तसा.

गाव म्हणतं, मालक सुधारले. बढाई मारत नाहीत, घरात हळू बोलतात, मासळी आवडीनं खातात. बिछाना तेवढा रोज सकाळी वाळत घालावा लागतो. तलावावर मात्र अवसेच्या दुपारी ढिवर जाळं टाकत नाहीत. पाण्याखालून कुणीतरी 'तिकडे… तिकडे…' म्हणत राहतं, असं ते सांगतात.

वच्छलाबाई त्यावर नाक मुरडते. पण दुपारची ती नवऱ्याला हाक मारत नाही, काम असलं तर स्वतः उठून जाते. एकदा विसरून तिनं ओसरीवरून "अजी" म्हटलं होतं. ओ दोन ठिकाणांहून आली.

आणि तलावाकडून आलेली जास्त जवळची होती.