राज्य कुणावर?

ऐका, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण हे माझ्या सख्ख्या मामेबहिणीबरोबर घडलंय. आणि रात्री-बित्री नाही... भर दुपारी, ऑफिसात!

ताई खेळण्यांच्या कंपनीत डिझायनर. मामा अंथरुणाला खिळलेले, घरात कमावती ती एकटीच. आणि नेमकं गेल्या वर्षी तिला काही म्हणता काही सुचेना.

साहेबांनी तोंडावर सांगितलं, "शुक्रवारपर्यंत नवीन खेळणं दे. नाहीतर दुसरीकडे बघ."

मग काय, सुरू झाले तिचे प्रयोग. डाव्या हाताने चित्रं काढ. डोळे मिटून दोन वस्तू उचल आणि त्यांची एक कर...

"काय निघालं?" शेजारच्या टेबलावरच्या पेंटरकाकांनी विचारलं.

"चाकं लावलेला कंगवा."

"वा! माझ्या टकलावर मस्त पळेल."

खुर्चीचा प्रकार त्यांनीच सांगितला. समोर लहान मुलांची खुर्ची ठेवायची. तिच्यात मूल बसलंय असं समजून मोठ्याने प्रश्न विचारायचा. मग उठून स्वतः तिथे बसायचं, आणि मूल होऊन उत्तर द्यायचं.

शुक्रवारी सगळे जेवायला गेले. नमुन्यांच्या खोलीत ताई एकटी.

"काय खेळायचं तुला?"

उठली. छोट्या खुर्चीत टेकली...

खुर्ची गरम होती.

कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी.

उन्हाने तापली असेल, ताईला वाटलं. पण त्या खोलीला खिडकीच नाही.

आणि तिने विचार करायच्या आतच तोंडातून निघालं, "लपाछपी!"

सुचतंय की! ताई खूश. पळत आपल्या खुर्चीत आली. "बरं, तू लप. राज्य माझ्यावर."

टक... टक...

आवाज कपाटातून.

उघडलं. नुसत्या बाहुल्या.

टक... टक... आता टेबलाखालून. तिथेही कुणी नाही.

दुसरं कुणी असतं तर पळालं असतं. ताईच्या डोक्यात मात्र दिवा पेटला. लपवायची बाहुली! सापडेपर्यंत टकटक करणार, उचलली की "धप्पा!" ओरडणार.

कल्पना ऐकून साहेब खूशच झाले. नोकरी वाचली.

पण ती टकटक ताईच्या मागोमाग घरी आली.

कधी डब्यांच्या मागे. कधी माळ्यावर. जाऊन बघावं तर... काहीच नाही.

"कुणाला शोधतेस गं सारखी?" मामा विचारायचे.

"उंदीर झालेत, बाबा."

मग एका रविवारी, ती जेवणाचं ताट घेऊन आत गेली, तर मामा अगदी हळू आवाजात म्हणाले...

"अगं, ते माझ्या पांघरुणात आलंय. पाय किती गार आहेत त्याचे."

ताईच्या हातातलं ताट खाली पडलं. पांघरूण ओढलं.

कुणी नव्हतं.

सोमवारी साहेबांनी सगळ्यांना जमवलं आणि ताईला म्हणाले, "तुला हे सुचलं कसं, ते करून दाखव. दुसरं खेळणं हवंय."

"नको साहेब. तो प्रकार चांगला नाही."

"का? आमचं डोकं चालत नाही वाटतं? आण ती खुर्ची."

सगळे हसले. साहेब खुर्चीसमोर ऐटीत बसले. "काय रे पोरा, लपतोस का? चल, राज्य..."

"साहेब, थांबा" हे ताईच्या ओठांवर आलं होतं.

पण डोळ्यांपुढे मामांचं ते पांघरूण आलं.

ती एक पाऊल मागे सरकली.

"...राज्य माझ्यावर!"

त्या दिवसापासून ताईच्या घरातली टकटक बंद.

आणि साहेब मीटिंगमधून उठून कपाटं उघडायला लागले. टेबलांखाली वाकायला लागले. मग यायचेच बंद झाले.

शेवटी त्यांच्या बायकोचा ताईला फोन आला.

"हे 'आता मी लपतो' म्हणाले, ते घरातच आहेत हो. आतून कडी तशीच आहे, चपलाही दारात आहेत. टकटक ऐकू येते... पण सापडत नाहीत. तुमचं फार नाव काढायचे. येता का जरा शोधायला?"

ताईने फोन ठेवून दिला.

मामा आता शांत झोपतात. ताईची नोकरीही चालू आहे.

पण परवा आमच्याकडे हे सगळं सांगताना ती मध्येच थांबली. आमच्या बंद कपाटाकडे बघत राहिली.

"काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. "फक्त... राज्य कुणावर, हे कुणीही बोलू नका."