डावी ढाक

वाळूजच्या कंपनीत मी क्वालिटीला आहे. दिवसभर हातात गेज असतं. तुकडा गेजात बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट. मधलं काही नसतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकलं की लोक मला कुठल्या तरी देवऋष्याचा पत्ता द्यायला लागतात आणि माझं डोकं फिरतं.

पहिली पाळी सुटली की कंपनीची बस मला क्रांती चौकात सोडायची. तिथून घरी जायला रिक्षा मिळते. मी मात्र घरी न जाता गुलमंडीच्या मागच्या बोळात गयासच्या दुकानात जायचो. दुकान मोबाईल दुरुस्तीचं, पण आत पडद्याआड त्याच्या वडिलांच्या काळातलं एक व्हिडिओ गेमचं मशीन उभं होतं. एके काळी अशी मशीनं ओळीनं होती, पोरांची झुंबड असायची. आता पोरांच्या खिशातच गेम आले. हे एक राहिलं, तेसुद्धा भंगारात घालायला गयासचा जीव होत नव्हता म्हणून. गेम रस्त्यावरच्या मारामारीचा. एक गल्ली, अलीकडं तुम्ही, पलीकडून एकेक गुंड येतो. डाव्या हातात दांडी, उजव्या हाताखाली बटणं.

चाळिशीला टेकलेल्या माणसाला हे शोभतं का, असं माझ्या बायकोनं, श्रेयानं, लई वेळा विचारलं. तिला काय सांगणार? घरी आबा होते. माझे वडील, फुलंब्रीचे बद्रीनाथ पहिलवान. एके काळी त्यांचं नाव पुकारलं की जत्रेतली माणसं हातातली भेळ टाकून फडाकडं पळायची. लकवा मारला आणि त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. व्यायाम घ्यायला युसरा नावाची मुलगी रोज यायची. ती आबांचा उजवा हात उचलायची, सोडायची, आणि हात धप्पकन गादीवर पडायचा. प्रयत्न करा आबा, म्हणायची. श्रेया म्हणायची, मी म्हणायचो. हात पडायचाच. आबा आमच्याकडं बघायचे आणि मला तिथून पळून जावंसं वाटायचं.

आणि इथं बटण दाबलं की हात उठत होता. दाबलं की उठला, दाबलं की बसला समोरच्याच्या थोबाडात. एवढंच. एवढ्यासाठी मी पागल झालो होतो.

खाली, पुढं, ठोसा. मागं, खाली, लाथ. आधी दांडी ऐकायची नाही, मी मशीनला शिव्या घालायचो, गयास पडद्याआडून म्हणायचा, “गोकुळभाऊ, कायकू मारतंय त्याला? त्याला मायबाप नाय कुणी.” मग एक दिवस डोकं बाजूला राहिलं आणि बोटंच खेळायला लागली. तो दिवस वाईट. कॅन्टीनमध्ये ताटाच्या कडेवर बोटं चालायची. झोपेत चालायची, तेव्हा श्रेया माझं मनगट धरून ती थांबवायची. आमच्याकडं नळाला पाणी आठवड्यानं येतं. त्या दिवशी मोटार लावायला मी लवकर यायचं कबूल केलं होतं, आणि सपशेल विसरलो. आजारी माणसाचं घर, टाकीत ठणठणाट. श्रेया ओरडली नाही. शेजारून हंडे आणत राहिली, आणि त्याचा मला जास्त राग आला. स्वतःचा नाही, तिचाच. इतकं बिनसलं होतं माझं.

शेवटचा गडी तेवढा पडत नव्हता.

बाकीचे गुंड मी केव्हाच लोळवले होते. शेवटी गल्लीच्या टोकाला एक थोराड माणूस यायचा. उघडा, लाल चड्डी, मान खांद्यात रुतलेली. दोन डाव जिंकले की सामना त्याचा. मी रोज हरायचो, रोज नव्यानं टोकन टाकायचो, आणि रोज उद्या याला बघतोच म्हणून निघायचो.

मग एका दुपारी डाव सुरू व्हायच्या आधी त्यानं मांडीवर थाप मारली. शड्डू ठोकला. मी हसलो. परदेशात बनवलेला गेम, त्यात शड्डू! गयासला हाक मारली, तो येईपर्यंत डाव संपला. म्हणाला, “लहानपणापासून बघतो मी हा गेम. ह्याच्यात तसं काय नाय.” असेल कुठं तरी लपवलेलं, मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला ढाक लावली.

ढाक म्हणजे समोरच्याचा हात आणि मान काखेत आवळायची, कंबर आत घालायची आणि त्याला पाठीवरून मातीत आपटायचा. दुनिया उजव्या अंगानं लावते. आबा डाव्या अंगानं लावायचे, त्यावरच त्यांचं नाव होतं. पडद्यावरच्या गड्यानं डावं अंग आत घातलं आणि माझा माणूस पाठीवर आपटला. मशीनमधून तापलेल्या धुळीचा वास नेहमीच यायचा. त्या दिवशी वास वेगळा होता. ताक, हळद आणि तेल घालून मळलेल्या तालमीतल्या मातीचा. लहानपणी आबांच्या अंगाला यायचा तो.

घरी आलो तर श्रेया दारातच उभी. आबांच्या उजव्या हाताचं बोट हललं होतं. युसरा पुन्हा पुन्हा दाखवत होती, आबा पुन्हा पुन्हा हलवत होते. मी फार खूश झालो. दोन्ही गोष्टी जोडायचं माझ्या मनातही आलं नाही.

मी हरत गेलो आणि आबा सुधारत गेले. पूर्ण पंजा हलला, मग कोपर. मग मी त्याच्याकडून पहिल्यांदा एक डाव काढला. एकच, सामना त्याचाच. पण काय सांगू, अंगातून वीज गेली माझ्या, दुकानाबाहेर येऊन मी एकटाच हसत उभा होतो. घरी आबांचा चांगला, डावा हात लुळा पडला होता. डॉक्टर म्हणाले, छोटा झटका असेल, होतं असं. पुढच्या वेळी मी साफ हरलो आणि हात परत आला. पुन्हा एक डाव काढला आणि पुन्हा गेला. कंपनीत एखादा तुकडा वाकडा निघाला तर आम्ही नशिबाला दोष देतो. सारखाच निघायला लागला की मशीन बंद करतो.

मी मशीन बंद केलं. म्हणजे जायचंच सोडलं. शाळेतल्या पोरासारखा बसमधून उतरून सरळ घरी. श्रेयाला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. पण आबांनी जेवण सोडलं. भात तोंडात धरून ठेवायचे, गिळायचे नाहीत. डोळे दाराकडं. जोड न मिळालेला पहिलवान फडात हात वर करून कसा फिरत राहतो, मी लहानपणी पाहिलंय. तसेच डोळे होते. दिवसेंदिवस गाल आत जायला लागले, आणि युसरानं मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की नातेवाइकांना कळवून ठेवा.

तेव्हा मग हिशेब सरळ होता. जायचं आणि हरायचं. बाप वाचवायला गेममध्ये हरायचं, याहून स्वस्त काय असतं?

पण हरता येईना! बोटं ऐकेनात. तो पुढं आला की माझा हात आपोआप अडवायचा, तो चुकला की आपोआप ठोसा. त्याची डावी ढाकसुद्धा आता मला आधीच दिसायची. इतके दिवस ज्यासाठी जीव काढला ते अंगात मुरलं होतं, आणि आता ते बाहेर काढता येत नव्हतं. शेवटी मी दोन्ही हात वर घेतले आणि छातीशी घट्ट बांधून उभा राहिलो. मार म्हटलं, मार काय मारायचं ते.

त्यानं मारलं नाही.

तो गल्लीत नुसता उभा राहिला. वेळ संपत आली. मग त्यानं माझ्याकडं पाठ केली आणि गल्लीच्या टोकाला चालत गेला. पडद्यावर तो हरला की जिंकला, काहीच उमटलं नाही. मशीनच बंद पडलं.

घरी गेलो तर श्रेया रडत होती, आणि हसतही होती.

“अहो, आबा बोलले! आत्ता, तुम्ही यायच्या जरा आधी. एकच शब्द, पण स्पष्ट.” मग तिनं डोळे पुसले. “नुरा म्हणजे काय हो?”

मी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो.

आबांच्या आयुष्यातली एक गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होती, फक्त श्रेयाला नव्हती. एका जत्रेत त्यांच्यासमोर त्यांचाच मामेभाऊ रामकिसन जोडीला आला. आबांचं लग्न ठरलेलं. नवरदेव हरू नये म्हणून रामकिसन मायेपोटी मुद्दाम पडला. ठरवून हरायचं, त्याला नुरा म्हणतात. आबांनी त्याला तिथंच मातीत सगळ्यांसमोर कानफटात मारली. पुन्हा जन्मात त्याच्याशी बोलले नाहीत. त्याच्या मयतीलाही गेले नाहीत. मला म्हणायचे, हरायला लाजू नको, नुरा करायला लाज. स्वतः हरले तर पंच यायच्या आत जिंकलेल्याचं मनगट धरून त्याचा हात वर करायचे, आणि तसंच धरून त्याला फडभर फिरवायचे.

मी आत गेलो. आबा माझ्याकडं बघत होते. मग त्यांनी मान भिंतीकडं वळवली. जवळ बसलो, आबा म्हणालो, पाय दाबले. मान वळली नाही. त्या रात्रीही नाही आणि सकाळीही नाही. पाणीसुद्धा त्यांनी माझ्या हातून घेतलं नाही.

सगळ्या बाजूनं माझीच कोंडी! खेळलो नाही तर झुरून जाणार, मुद्दाम हरलो तर तोंड बघणार नाहीत, आणि खरं खेळलो तर मी जिंकणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. पाळी सुटली तशी बसमध्ये मी खिडकीच्या गजावर डोकं आपटून घेतलं. शेजारचा कडुबा विचारत होता, काय झालं.

गयासनं मशीन दुरुस्त करून ठेवलं होतं. मी टोकन टाकलं.

आज तो टोकालाच उभा होता. बाकीचे गुंड आलेच नाहीत.

त्यानं शड्डू ठोकला. मीही नकळत स्वतःच्या मांडीवर थाप मारली.

पहिला डाव त्याचा. देवाशपथ, मी खरा खेळलो होतो. मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यात पाणी आलं.

दुसरा माझा.

तिसऱ्यात त्यानं डावं अंग आत घातलं. मी आधीच तिथून निघालो होतो. खाली, पुढं, ठोसा. खिशात फोन वाजायला लागला. श्रेयाच असणार. एक बोट उचललं असतं तर फोन घेता आला असता.

नाही उचललं. मागं, खाली, लाथ.

तो पडला.

पडला, आणि मग हात टेकून, सावकाश, गुडघ्यावर हात ठेवून उठला. हरलेला गडी या गेममध्ये कधी उठत नाही. तो चालत पुढं आला, पडद्याच्या उजव्या कडेपर्यंत, आणि कडेबाहेर गेला.

मातीचा वास आला. माझा उजवा हात बटणांवरून उठला आणि वर गेला. मी उचलला नव्हता.

गयासनं पडदा बाजूला केला. “जिंकलं का भाऊ?” म्हणाला. मग माझ्याकडं बघत राहिला. “हात कायकू वर धरलाय?”

थोड्या वेळानं हात सुटला.

घरी बाहेर चपला होत्या. शेजारच्या भामाबाई आत श्रेयाला धरून बसल्या होत्या. आबांचे डोळे कुणीतरी मिटले होते. चेहरा शांत होता, इतका की मला त्यांचा रागच आला. युसरा गादीजवळ उभी होती, हात चोळत.

“दादा, हा हात खाली येईना,” ती म्हणाली. “खूप प्रयत्न केला. मूठपण उघडेना.”

आबांचा डावा हात सरळ वर होता. मूठ पुरती मिटलेली नव्हती. मधे काहीतरी धरल्यासारखी गोल जागा होती.

मी सगळ्यांना जरा बाहेर पाठवलं. गादीच्या डाव्या अंगाला उभा राहिलो आणि त्या मुठीत माझं उजवं मनगट घालून पाहिलं.

बसलं. ना सैल, ना घट्ट. आणि पलीकडं माझी बोटं अजून बटणं दाबत होती.