होडीतलं चौथं माणूस

जर्मनीतली श्प्रे नदी दलदलीत शिरली की एक राहत नाही. तिचे शेकडो ओहोळ होतात आणि ओहोळांमधल्या बेटांवर एकेक घर. पायवाट अशी नाहीच. नवरी येते ती होडीतून, गाय जाते ती होडीतून, आणि माणूस मेलं की त्याची शवपेटीही होडीतूनच चर्चकडे निघते. हे शेवटचं काम किटो नोआककडे बापापासून चालत आलं होतं.

नोव्हेंबरात म्हातारी लिझा गेली. दुपारची जेवणं उरकल्यावर किटो तिच्या बेटावर पोचला. म्हातारीच्या मुलीनं, वोर्शानं, रीतीप्रमाणे गोठ्यात गायींना आणि परसात मधमाश्यांना "आई गेली" म्हणून सांगून ठेवलं होतं. तिचा नवरा हान्झो खड्डा खणायला पुढं गेला होता. शेजाऱ्यांनी पेटी होडीत ठेवली. वोर्शा पेटीच्या पलीकडं, किटोकडं तोंड करून बसली. किटो नेहमीसारखा मागच्या टोकाशी उभा राहिला, आणि लांब काठी तळाशी टेकून त्यानं होडी रेटली.

"आईला असलं धुकं आवडायचं नाही," वोर्शा म्हणाली.

"तिला आवडायचं तरी काय, पोरी? माझ्या होडीत बसली की म्हणायची, किटो, तुझ्यापेक्षा बदक बरं चालवील!"

वोर्शाला रडता रडता हसू आलं. "आज नाही काही म्हणायची."

"आज म्हणाली तर मीच पाण्यात उडी टाकीन."

धुकं दाटत गेलं. काठावरची झाडं नुसत्या काळ्या रेघा होऊन राहिली. कुजलेल्या पानांचा वास, आणि काठी वर येताना टपटपणारं पाणी. बाकी कसलाच आवाज नव्हता. दोन ओहोळ मिळतात ते वळण आलं. मागल्या हिवाळ्यात किटोची बायको हाना इथंच बर्फ फुटून आत गेली होती. बर्फ वितळल्यावर साऱ्या गावानं गळ टाकून तळ ढवळला. तिचा एक लाकडी जोडा मिळाला. हाना मिळाली नाही. दुसऱ्यांची माणसं मातीला पोचवणाऱ्या किटोला स्वतःच्या बायकोला मूठभर माती देता आली नव्हती. तो टोपी काढायला थांबला, आणि डाव्या काठावरून हाक आली.

"किटो…"

त्याचा हात टोपीवरच राहिला.

"किटो… थांब ना जरा… मला पण घे."

वोर्शा पांढरीफटक पडली. "किटोकाका, थांबू नका. शवपेटी निघाली की होडी मध्येच थांबवत नाहीत."

"तुलाही ऐकू आलं?"

"आलं… म्हणून तर सांगते. चला."

 पण सबंध वर्ष तो ह्याच आवाजासाठी कान लावून जगला होता. त्यानं काठी चिखलात रोवली आणि होडी काठाला लावली. "ये," तो म्हणाला.

होडीचं मागचं टोक खाली दबलं. समोरचं टोक उचललं गेलं आणि पेटी हळूच घसरत त्याच्या पायांशी आली. त्याच्या पाठीमागं कुणीतरी उभं होतं. ओल्या कपड्यांतून पाणी निथळत होतं. वळून बघायचा त्याला धीर होईना.

"वोर्शा… सांग ना. तीच आहे ना?"

वोर्शा काठाकडं बघत होती. मग तिनं त्याच्या पाठीमागं बघितलं, आणि शोकाचा पांढरा शेला चेहऱ्यावर ओढून घेतला.

किटोनं काठी मारली. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "गारठली असशील," तो पुटपुटला. "घरी गेलो की शेगडी पेटवतो."  तळातल्या गाळाचा वास त्याच्या कानाजवळ आला, आणि तिथंच थांबला.

चर्चच्या धक्क्यावर हान्झो आणि माणसं उभी होती. त्यांनी पेटी उचलली. वोर्शा उतरली. होडी वर आली नाही.

"किटोकाका, पाणी शिरलंय का होडीत?" हान्झोनं विचारलं. "मागं केवढी दबलीये!"

"असू दे, असू दे…"

वोर्शानं किटोचं मनगट धरलं आणि त्याला जवळजवळ ओढूनच बाहेर काढलं. भिंतीच्या आडोशाला नेईपर्यंत तिनं हात सोडला नाही.

"हाना होती ना?" त्यानं विचारलं.

"हाना दिसली मला."

"मग तोंड का झाकलंस?"

"हाना काठावर होती, किटोकाका." वोर्शाचे दात वाजत होते. "तिच्या तोंडातून आवाज फुटत नव्हता. दोन्ही हातांनी ती नको, नको म्हणत होती तुम्हाला… होडीत आलं ते… ते वेगळंच होतं."

 त्या दिवशी त्याला कुणी घरी जाऊ दिलं नाही. होडी धक्क्याला बांधून तो हान्झोकडं राहिला. सकाळी दोघं परत आले तर धक्का रिकामा होता.

"दोर सुटला असेल," हान्झो म्हणाला, पण स्वतःलाच ते पटलं नाही. आपल्या होडीत बसवून तो किटोला त्याच्या बेटाकडं घेऊन गेला.

किटोची होडी त्याच्या दारापुढच्या खांबाला नीट बांधलेली होती. काठी भिंतीला टेकवलेली, अजून ओली. धुराड्यातून धूर निघत होता.

हान्झोनं होडी थांबवली. शेजारी किटो ओठ घट्ट मिटून बसला होता. तेवढ्यात घरातून किटोचाच आवाज आला, अगदी खुशीतला.

"हाना, बघ गं… दारात कोण आलंय."

आतून कुणी ओ दिली नाही. दाराची कडी मात्र हळूहळू वर उचलली गेली.