बाराव्या गाण्याचं कच्चं नाव

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, मी कोणाच्या हातापाया पडणार नाही. हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात घडलंय. आणि अजून संपलेलं नाही.

रात्रीचंही नाही बरं का. मार्च महिना, मंगळवार, भरदुपारचे साडेबारा. गल्लीच्या टोकाची दुमजली इमारत. खाली छापखाना, वर आमच्या दाजींचा स्टुडिओ.

दाजी म्हणजे ताईचे मिस्टर. जुन्या गाण्यांच्या टेपा साफ करून नव्याने काढणं हे त्यांचं काम. माणूस भारी तिखट कानाचा. शेजारी चमचा पडला तर हे सांगणार, दोन पडले.

त्यांच्याकडे एका गाजलेल्या बँडचं काम आलं. वीस वर्षांपूर्वीची बारा हिट गाणी एकत्र करून अल्बम काढायचा होता.

बँडचा मुख्य गायक स्वतः टेपा घेऊन आला. त्याला सगळे कॅप्टन म्हणायचे.

बँडमध्ये आणखी एक गाणारी होती. कॅप्टनच्या आवाजाखाली दुसरा सूर धरायची, म्हणून तिचं नावच दुसरी पडलं होतं. भांडून बँड सोडला आणि वर्षाच्या आत वारली. अंत्ययात्रेला बँडमधलं काळं कुत्रं गेलं नाही.

कॅप्टन खुर्चीत बसला आणि म्हणाला, "प्रत्येक टेपेवर तिच्या आवाजाची वेगळी पट्टी आहे, सातवा ट्रॅक. बाराही गाण्यांतून पुसून टाका."

"कॉपीवर करतो," दाजी म्हणाले. "मूळ टेपेला आम्ही हात लावत नाही."

"मूळ टेपेवरच पुसा. लोक अजून मला तिचंच विचारतात. ती कुठे सापडायलाच नको. कॉपीही ठेवायची नाही."

दाजींनी वीस वर्षांत असलं काम केलं नव्हतं. पण दोन महिने स्टुडिओत चिटपाखरू फिरकलं नव्हतं. त्यांनी मान डोलावली.

इथेच चुकलं. दाजी आज स्वतः म्हणतात, माझीच बुद्धी शेण खायला गेली होती.

पुसायचं म्हणजे सोपं असतं. सातवा ट्रॅक निवडायचा, माईक बंद ठेवायचा, लाल बटण दाबायचं. टेप फिरते आणि जुन्या आवाजावर शांतता रेकॉर्ड होत जाते. मग ते परत आणणं ब्रह्मदेवाच्या बापालाही जमत नाही.

प्रत्येक टेपेच्या सुरुवातीला कोणीतरी गाण्याचा नंबर आणि कच्चं नाव बोलून ठेवतं. खरं नाव ठरेपर्यंत पोरं काहीबाही नावं देतात. या टेपांवर ते दुसरीच बोलली होती. सपाट आवाज, घाई नाही.

"गाणं पहिलं... घंटा."

दाजींनी पुसलं. मग तपासायला सातवा ट्रॅक एकटा लावला. आवाज दाखवणारी मीटरची सुई जागची हलत नव्हती. रिकामा होता.

तरी...

कोणीतरी श्वास घेतला. गाण्याआधी घेतात ना, तसा.

दाजींनी हेडफोन काढला, पुसला, परत लावला. काही नाही. खाली छापखाना धडधडत होता. त्याचंच काहीतरी असेल म्हणून ते जेवायला घरी आले.

ते जेवत असताना ताईनेच उठून दार उघडलं. बाहेर दूधवाला उभा होता, बेलवर बोट ठेवून.

"अहो, केव्हाची वाजतेय. ऐकू येत नाही का?" ताईने दाजींना विचारलं.

दाजींना खरंच ऐकू आली नव्हती. त्यांनी स्वतः दाबून पाहिली. ताईने कानांवर हात ठेवले. दाजींना मात्र... काहीच नाही.

चौथं गाणं. "गाणं चौथं... नळ."

त्या दिवशी नळाखालची बादली भरून वाहून पाणी बाहेरच्या खोलीपर्यंत आलं आणि हे शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत बसलेले. माझी भाची भिंगरी, सहा वर्षांची, त्या पाण्यात नाचत होती. घरात एका जागी थांबत नाही म्हणून तिला भिंगरी म्हणतात. आमच्या चौघांशिवाय हे नाव कोणाला ठाऊकही नाही.

दाजी कानाच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत, जरा आराम करा.

सातवं गाणं. "गाणं सातवं... आई."

दाजींची आई तीन वर्षांपूर्वी गेली. तिचा एक निरोप त्यांनी फोनमध्ये जपून ठेवलाय. "जेवलास का रे? फोन कर." एवढाच. कंटाळा आला की ते तो लावतात. त्या संध्याकाळी लावला. पडद्यावर आकडे पुढे सरकत होते. आवाज नाही. ताई शेजारी बसून डोळे पुसत होती, म्हणजे तिला ऐकू येत होतं.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच थांबायचं होतं. पण माणूस स्वतःची समजूत कशीही घालतो. थकलोय, वय झालं, डॉक्टरला काय कळतंय. दाजी पुसत राहिले.

"गाणं अकरावं... अहो."

घरी आले तर ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिचे ओठ हलत होते.

दाजींना पंख्याचा आवाज येत होता. खाली रस्त्यावर रिक्षा गेली, ती ऐकू आली.

ताई ऐकू येत नव्हती.

ती जवळ आली, दंड धरून हलवलं, ओरडली. तिच्या गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसल्या.  घंटा, नळ, आई, अहो. मधली सगळी नावंही दाजींना आठवली. टेपेवरून जे जे पुसलं, ते ते त्यांच्या कानातून गेलं होतं.

त्या दिवसापासून ताई त्यांच्याशी वहीत लिहून बोलते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी मला सोबत नेलं. बारावी टेप लावायची त्यांची एकट्याची हिंमत नव्हती. मी म्हणालो, लावूच नका. ते म्हणाले, मला माहीत तर हवं.

टेप फिरली. थोडी खरखर.

"गाणं बारावं..."

मग दुसरीचा आवाज थांबला. नेहमीपेक्षा जास्त.

"...भिंगरी."

ती टेप वीस वर्षांपूर्वीची आहे हो. भिंगरी सहा वर्षांची आहे.

दाजी टेप काढायला वाकले आणि दार उघडून कॅप्टन आत आला.

"झालं का शेवटचं?"

"हे मी पुसणार नाही. हवं तर पाया पडतो तुमच्या."

"नाटकं पुरे झाली," म्हणत त्याने दाजींना बाजूला ढकललं. सातवा ट्रॅक आधीच निवडलेला होता. त्याने लाल बटण दाबलं.

दोघांची झटापट झाली. मी धावत जाऊन भिंतीतलं बटण बंद केलं तोवर अर्धं गाणं फिरून गेलं होतं.

मशीन बंद होतं. दिवे बंद होते.

तरी स्पीकरमधून... कोणीतरी श्वास घेतला. या वेळी मीही ऐकला.

कॅप्टन पांढरा पडला. पण माणूस हट्टी. टेप काढून काखेत मारली आणि जिना उतरताना म्हणाला, "दुसरा कोणी अर्धा तासात करून देईल."

आम्ही घरी पळालो. भिंगरी दारातच होती. हसत दोन्ही हात वर करून काहीतरी बोलली. मला सगळं ऐकू आलं, "बाबा, मला उचला."

दाजींनी तिला उचललं. मग हळूच मला म्हणाले, "मला फक्त 'उचला' ऐकू आलं."

वाक्याचा पहिला अर्धा भाग त्यांच्यापर्यंत पोचत नाही. पोरगी शहाणी आहे, आठवड्यात शिकली. आता बाबांना प्रत्येक हाक दोनदा मारते. पहिली वाया जाते, दुसरी पोचते.

कॅप्टनला मी रोज फोन करतो. रडून झालं, शिव्या देऊन झाल्या. टेप कुठल्या स्टुडिओत दिली ते सांगत नाही. "बारा गाणी म्हणजे बाराच गाणी," एवढं बोलून ठेवून देतो. अल्बम शुक्रवारी येतोय.

आज बुधवार. सकाळपासून दाजींनी भिंगरीला समोर बसवून ठेवलंय आणि काहीही बोल म्हणतायत. ती शाळेतल्या गमती सांगतेय, तेच तेच सांगतेय, दमलीय बिचारी.

मघाशी पाणी मागायला तिने हाक मारली. दाजींनी मान वर केली नाही. परत मारली. तरी नाही.

तिसऱ्या हाकेला त्यांनी वर पाहिलं.

म्हणजे कुठेतरी, कोणीतरी, आत्ता या क्षणी लाल बटणावर बोट ठेवून बसलंय.