भिंतीवरचं पाचवं चित्र

टप्… टप्… टप्…

दुपारची शांतता मोडत एक चेंडू जिन्याची एकेक पायरी उतरत खाली आला. लेकीला, मुक्ताला, मी झोपवलं होतं — म्हणजे मला तरी तसं वाटत होतं! मी मागे धावले, पण चेंडू उंबऱ्यावरून उडी मारून बाहेर… आणि दारात उभ्या असलेल्या माणसाने तो डाव्या हाताने असा अलगद टिपला, की त्याचं बोलणंही अडखळलं नाही.

"अभिमननानांचं घर हेच का?"

"पुढच्या गल्लीत. तुम्ही बेसबॉलचे कॅचर होतात का हो?"

तो दचकला. "कशावरून?"

"चेंडूकडे न बघता झेलला. माझे मिस्टर म्हणायचे, असं फक्त कॅचरला जमतं."

"मिस्टर म्हणजे…?"

"नवल."

त्याने चेंडू हळूच दोन्ही हातांत धरला. "वहिनी, मी कुंदन. धुळ्याच्या संघाचा कॅचर. नवल बॅट घेऊन उभा राहिला, की त्याच्या पाठीमागे मी बसलेला असायचो."

मुक्ता रांगत होती तेव्हा नवल अपघातात गेला. आणि कुंदन आला होता तो नेमका त्याचाच निवाडा करायला. जळगावच्या आमच्या बेसबॉल क्लबला पंचवीस वर्षं होत होती. मैदानाच्या भिंतीवर पाच जुन्या खेळाडूंची मोठी चित्रं रंगवायची होती. जळगावकर आपापसांत भांडतील म्हणून क्लबचे प्रमुख अभिमननानांनी निवड समितीत मुद्दाम एक धुळेकर घेतलेला. चार नावं ठरली होती. पाचव्या जागेसाठी दोघं उरले — नवल, आणि पंधरा वर्षं शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मध्ये, उभे राहिलेले पितांबरभाऊ.

मला ती जागा हवी होती. मुक्ताची शाळा त्याच रस्त्यावर. जाता-येता तिला तिचे पप्पा दिसले असते… भिंतभर, बॅट उगारलेले. तिला मी तसं सांगूनही टाकलं होतं.

मग कुंदन दर रविवारी धुळ्याच्या बसने यायचा. मीटिंगच्या आधी आमच्याकडे चहा. 'माहिती घ्यायला,' म्हणे.

"नवल मोठा खेळाडू होता," मी म्हणायची.

"होता ना. पण बाहेर जाणाऱ्या चेंडूला हमखास फसायचा."

"हमखास?"

"चेंडू कुठे टाकायचा याची खूण कॅचरच करतो ना, म्हणून फसला की वळून माझ्यावरच चिडायचा. 'कुंद्या, तूच मागवलास ना तो!'"

मी खळखळून हसले… आणि हसता हसता डोळे भरून आले. नवल गेल्यापासून सगळे त्याच्याबद्दल चांगलंच बोलत. इतकं चांगलं, की तो माझा नवरा न राहता हार घातलेला फोटो झाला होता. हा माणूस त्याच्या चुका काढत होता, आणि मला नवल पुन्हा दिसत होता. घामेजलेला, चिडका, माझा.

"आणि त्याचे होमरन?" मी हट्टाने विचारलं.

"मारले की. दोन मोसम नुसता धुमाकूळ. पण पितांबरभाऊ पंधरा वर्षं उन्हातान्हात उभे राहिले. भिंत कुणाची? चमकला त्याची, की टिकला त्याची?"

"टिकायला जगावं लागतं, कुंदन."

तो बशीच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. मी पहिल्यांदाच त्याला नुसत्या नावाने हाक मारली होती… दोघांच्याही ते एकदमच लक्षात आलं.

"एक विचारू?" मीच म्हटलं. "हल्ली तुम्ही मला वहिनी म्हणत नाही."

"चहात साखर कमी आहे."

"विषय बदलू नका."

"बरं… मग साखर राहू द्या."

आतून माझ्या सासूबाईंचा, लताबाईंचा आवाज आला, "त्याले दे साखर, पोरी. माले बठ्ठं समजस!"

सासूबाईंना सगळं समजत होतं तर! कुंदनचे कान लाल झाले. माझेही झाले असणार.

निकाल भरिताच्या पार्टीत लागायचा होता. थंडीत आमच्याकडे भरिताशिवाय कुठलं मोठं काम होतच नाही. नानांच्या शेतात कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जात होती, धुराने डोळे चुरचुरत होते. मुक्ता माझ्या कुशीत.

"दोन मतं नवलला, दोन पितांबरला," नाना म्हणाले. "बोल कुंदन, आता तुझ्यावर आलं."

कुंदन उठला. माझ्याकडे पाहिलं… लगेच नजर काढून घेतली.

"नाना, माझं मत धरू नका."

"अरे! मग धुळ्याहून काय वांगी खायला आलास?"

सगळे हसले. तो हसला नाही.

"नवलला मत दिलं, तर ते त्याच्या घरातल्या माणसासाठी दिलं असं होईल. आणि नाही दिलं, तर… त्या घरातली त्याची जागा मला हवी होती, म्हणून नाही दिलं असं होईल. खूप विचार केला. माझाच मला भरवसा वाटत नाही."

जाळात एक वांगं फुटल्याचा आवाज तेवढा आला. नानांनी घसा खाकरला. बरोबरी झाली तर जास्त वर्षं खेळलेल्याला मान, हा नियम आधीच ठरलेला. पितांबरभाऊंनी रुमालात तोंड लपवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या… मीही वाजवल्या.

हात धुवायला नळाशी गेले, तर कुंदन मागे.

"रागावलात?"

"हो. सगळ्यांसमोर बोलायची काय गरज होती?"

"कारण न सांगता मत सोडलं असतं, तर लोकांनी नवललाच कमी समजलं असतं."

"मुक्ताला मी कबूल केलं होतं…"

"माहीत आहे."

"तरीही?"

"तरीही. खोट्या मतावर तुमच्या घरात पाय ठेवला नसता मी."

नळ तसाच वाहत होता. मी तो बंद केला.

"आता समिती संपली. आता कुठल्या कामाने येणार?"

"बिनकामाचं यावं म्हणतो…" तो थांबला. "दिपमाला."

माझं नाव कुणी इतकं जपून घेऊन किती काळ लोटला होता!

"या रविवारी," मी म्हटलं. "सासूबाईंना मीच सांगते."

एवढ्यात भरिताने माखलेले हात घेऊन मुक्ता आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. आधी तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आई… काकांनी पप्पांना हरवलं का?"