नव्वदीतला सा

त्या मंगळवारी मिरजेच्या दुकानात अब्बा तंबोऱ्याच्या घोडीवर, तारा टेकतात त्या पट्टीवर, रेशमाचा दोरा सरकवत होते. तारेखाली तो दोरा नेमक्या जागी आला की आवाज फुलतो. त्यालाच जवारी लागणं म्हणतात.

"लागली का गं, दिलू?"

दिलशादची बोटं लॅपटॉपवर क्षणभर थांबली. "मला कुठे कान आहे, अब्बा?"

एकोणिसाव्या वर्षी दुकान सोडून पुण्याला शिकायला निघतानाही तिने हेच सांगितलं होतं.

ती दुकानाच्या संकेतस्थळाला पैसे स्वीकारण्याची सोय जोडत होती. अब्बांची अट एकच होती: गिऱ्हाइकाचा सा ऐकल्याशिवाय तंबोरा द्यायचा नाही, कारण जवारी त्या गळ्याला जुळवून लावायची. म्हणून तिने 'स्वरमुद्रा' निवडली. त्यात ओटीपी नाही, पासवर्ड नाही. गिऱ्हाइकाने सा लावून एक वाक्य बोलायचं. गळा ओळखून बँक पैसे सोडते आणि तोच सा कारागिराला ऐकू येतो.

"चाचणीपुरते तुम्हीच गिऱ्हाईक व्हा."

"माझ्याच दुकानात मी गिऱ्हाईक? मग घासाघीस कुणाशी करू?"

अब्बांनी सा लावला. वाक्य बोलायचं मात्र विसरले, आणि माइक चालू असतानाच तंबोऱ्याकडे वळून पुन्हा म्हणाले, "लागली का गं, दिलू?" यंत्राने तेच टिपलं.

"असू दे," ती हसली, "चाचणीच तर आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बा उठलेच नाहीत. सदुसष्ट वर्षांचे होते.

चाळिसावा झाल्यावर तिने दुकान उघडलं. धारवाडच्या गायिका वृंदाताईंचा फोन आला. "पैसे भरायला मी तयार आहे गं. पण जवारी आता लावणार कोण?"

"सांगते," एवढंच ती म्हणाली, आणि उरलेली चाचणी सुरू केली.

माणसाचा गळा वयाबरोबर बदलतो. पुढेही ओळख पटावी म्हणून स्वरमुद्रा चाचणीतला आवाज स्वतःच म्हातारा करत नेते. अब्बांचा सत्तरीतला सा आला. मग ऐंशीतला. मग नव्वदीतला, कापरा, तरी सुरात. भिंतीवरचे तंबोरे आपोआप गुणगुणू लागले. तो गळा कधी जगलाच नव्हता, हे तारांना कोण सांगणार?

"लागली का गं, दिलू?" नव्वदीतल्या अब्बांनी विचारलं.

उन्हाचा पट्टा भोपळ्यांवरून सरकत दारापर्यंत गेला, तोवर ती तेच ऐकत बसली. शेवटी पडद्यावर अक्षरं उमटली: 'संकेतस्थळावरचं दुकान सुरू होताच चाचणीतला आवाज कायमचा पुसला जाईल. मालकाने सा लावून एक वाक्य बोलावं.' नक्कल ठेवायची सोय नव्हती. गळा म्हणजे आता सही; कायद्याने तिची प्रत काढता येत नसे.

अब्बांनी अर्धवट सोडलेला तंबोरा तिने मांडीवर घेतला. तिसऱ्या तारेखालचा दोरा केसभर सरकवला, तार छेडली. आवाज फुलला.

मग माइककडे तोंड करून तिने सा लावला.

"अब्बा, त्या दिवशी तिसरी तार कोरडी वाजत होती. मला ऐकू आलं होतं. मला लहानपणापासून ऐकू यायचं."